पहिला पायमोजा: चार सुयांची भीती आणि टाचेचे गणित

तुमच्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे: दोन सुयांवरचे सुलट-उलट विणकाम तुम्हाला चांगले येते, एक मफलर आणि भाचीच्या बाळाचे टोपडे विणून झाले आहे, आणि आता जर्मनीत शिकणाऱ्या मुलासाठी थंडीपूर्वी लोकरीचे पायमोजे विणून पाठवायचे आहेत; मात्र चार सुयांचा पसारा पाहूनच धीर सुटतो, तेव्हा सुरुवात कशी करावी?

मी गेली अनेक वर्षे विणकाम शिकवते आहे आणि त्या आधारावर माझे पहिले सांगणे असे की, पहिला मोजा मुलासाठी विणूच नका. मोठ्या माणसाच्या बारीक लोकरीच्या एका मोज्यात साधारण दहा हजार टाके असतात. नवशिक्या हातांना टाचेपर्यंत पोचायलाच आठवडा लागतो, तोवर उत्साह ओसरलेला असतो, आणि टाच चुकली की सगळा मोजा कपाटात जातो. त्याऐवजी चार वर्षांच्या मुलाच्या पायाचा एक छोटा मोजा जाड लोकरीने विणा. तो दोन-तीन संध्याकाळींत पुरा होतो, मोठ्या मोज्यात येणारी प्रत्येक गोष्ट त्यात येते, आणि चुकला तर उसवताना जीव तुटत नाही.

चार सुयांविषयीची भीती बहुतांशी पाहणाऱ्याची असते, विणणाऱ्याची नसते. कोणत्याही क्षणी तुम्ही दोनच सुयांनी विणत असता; बाकीच्या सुया टाके सांभाळत स्वस्थ लटकत असतात. पहिल्या चार-पाच फेऱ्या हात अवघडतो, कोपऱ्यावरची सुई मनगटात टोचते, एखादी गळून पडते, आणि मग काम दोन-तीन बोटे लांब झाले की सुया आपोआप त्रिकोणात स्थिरावतात. उलट एक सोय अशी होते की, गोल विणताना काम कधीच उलटवायचे नसल्याने सुलटी बाजू सतत समोर राहते आणि साध्या विणीसाठी प्रत्येक फेरी सुलटच विणायची असते. उलट ओळीचा कंटाळा असणाऱ्या कितीतरी जणींना यासाठीच मोजे आवडू लागतात.

तुम्ही बाळासाठी दोन सुयांवर सपाट विणून मग शिवून टाकलेले मोजे पाहिले असतील आणि मोठ्यांसाठी तसेच का करू नये, असा प्रश्न मनात येईल. बाळ चालत नाही, म्हणून त्याला तळव्याखालची शिवण बोचत नाही. चालणाऱ्या माणसाला बुटात ती शिवण दिवसभर टोचते. गोल विणायचे ते एवढ्यासाठीच.

आता साहित्य. शिकाऊ मोज्यासाठी ८ प्लाय म्हणून मिळणारी मध्यम जाड लोकर घ्यावी आणि रंग फिका असावा, कारण काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत सुटलेला टाका दिव्याखालीही सापडत नाही. आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून जे मिळते ते बहुधा ॲक्रिलिक असते. शिकण्यासाठी ते चालते. सुयांच्या बाबतीत मात्र क्रमांक नीट पाहावा. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत रूढ आहे आणि तीत आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक: ९ नंबर म्हणजे ३.७५ मिलिमीटर, १२ नंबर म्हणजे २.७५ आणि १३ नंबर म्हणजे २.२५ मिलिमीटर. अमेरिकन नमुन्यात हाच क्रम उलटा असतो आणि तिथली १ नंबरची सुई आपल्या १३ नंबरएवढी भरते, म्हणून परदेशी नमुना समोर असेल तर नंबर न पाहता मिलिमीटरच पाहावेत. दोन्ही टोकांना निमुळत्या असलेल्या ९ नंबरच्या चार सुयांचा संच घ्या. शक्य असल्यास बांबूच्या घ्या, कारण धातूच्या सुया गुळगुळीत असल्याने नवशिक्याच्या हातून टाक्यांसकट सटकतात. लांब तारेची गोल सुई वापरून दोन वेढ्यांमध्ये मोजा विणण्याचीही पद्धत आहे आणि ती सोपी आहे. तरीही मी पहिला मोजा चार सुयांवरच करायला लावते, कारण टाच कुठे, पावलाची वरची बाजू कुठे, हे त्यात सुईगणिक वेगळे दिसते.

विणायला बसण्यापूर्वी थोडे गणित करावे लागते. या लोकरीचे आणि या सुयांचे साधारण २२ टाके १० सेंटिमीटरमध्ये बसतात. चार वर्षांच्या मुलाच्या पावलाचा चवड्याभोवतीचा घेर सुमारे १६ सेंटिमीटर असतो. मोजा पायाच्या घेराइतकाच विणला तर तो ढगळ होऊन घोट्याखाली गोळा होतो, म्हणून घेर सुमारे एक दशांशाने कमी धरायचा, म्हणजे साडेचौदा सेंटिमीटर. या हिशेबाने ३२ टाके येतात. आकडा चारने भागला जाणारा असावा, म्हणजे काठाची दोन सुलट-दोन उलट वीण गोलात बरोबर जुळते.

हे ३२ टाके सैल घालायचे आहेत, आणि या एका वाक्याकडे दुर्लक्ष केल्याची शिक्षा मी स्वतः भोगली आहे. माझा पहिला मोजा सासऱ्यांसाठी होता. काठाचे टाके मी इतके आवळून घातले की मोजा टाचेशी येऊन अडला आणि काही केल्या वर सरकेना. त्यांनी तो शांतपणे काढला आणि पुढे वर्षभर त्यात चष्मा ठेवला. मोज्याचा काठ घोट्यावर बसायचा असला तरी त्याला आधी टाच ओलांडावी लागते, आणि टाचेच्या टोकापासून पावलाच्या पाठीवरून फिरवलेला तिरका घेर चवड्याच्या घेरापेक्षा बराच मोठा असतो. बाईच्या २२ सेंटिमीटर घेराच्या पावलात तो ३० सेंटिमीटरच्या आसपास भरतो. म्हणून दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घालावेत आणि मग एक सुई हळूच काढून घ्यावी.

घातलेले टाके ८, १६ आणि ८ असे तीन सुयांवर वाटून घ्या. सुया टेबलावर त्रिकोणात मांडा आणि सगळ्या टाक्यांची खालची गाठीची कड आतल्या बाजूला आहे ना, हे बोट फिरवून पाहा. एखाद्या ठिकाणी कड सुईभोवती पिळली गेली असेल आणि तसेच गोल जोडले, तर ती पीळ पुढे कशानेही जात नाही. सगळे उसवावे लागते. चौथ्या सुईने पहिला टाका विणला की गोल जोडला गेला. सुरुवातीचा लोंबता धागा जिथे आहे तिथे फेरी सुरू होते आणि पुढे हीच जागा टाचेच्या मध्याशी येते. प्रत्येक सुईवरचा दुसरा टाका विणताना धागा किंचित ओढून घ्यावा, नाहीतर दोन सुयांच्या सांध्यात शिडीसारखी उभी फट दिसू लागते. पहिला टाका ओढण्याचा सल्ला अनेक जणी देतात. माझ्या अनुभवात दुसरा ओढण्याचा उपयोग अधिक होतो, कारण तोवर पहिला टाका जागेवर बसलेला असतो.

दोन सुलट-दोन उलट अशा दहा-बारा फेऱ्यांचा काठ, मग साध्या सुलट विणीच्या पंधरा फेऱ्या, एवढी नळी या मोज्याला पुरे. एखादा टाका सुटून खाली ओघळला तर घाबरून सुया ओढू नका. क्रोशाची सुई घेऊन त्याच्या वरची एकेक आडवी दोरी त्यातून ओढत तो वर आणा.

टाच मात्र दिवसाउजेडी, घरात कोणी मधे बोलणारे नसताना, एका बैठकीत करावी. ती तीन भागांत होते. पहिला भाग म्हणजे टाचेमागची पट्टी. पहिल्या सुईवरचे ८ टाके सुलट विणायचे, काम उलटवायचे, आणि पहिल्या व तिसऱ्या सुईवरचे मिळून १६ टाके एकाच सुईवर उलट विणून घ्यायचे. मधल्या सुईवरचे १६ टाके पावलाच्या वरच्या बाजूचे आहेत. त्यांना आता काही काळ हात लावायचा नाही. या टाचेच्या १६ टाक्यांवर तुमच्या ओळखीचे सपाट विणकाम १६ ओळी करायचे आहे. सुलट बाजूच्या ओळीत एक टाका न विणता उचलायचा आणि एक सुलट विणायचा, असे शेवटपर्यंत. उलट बाजूच्या ओळीत फक्त पहिला टाका उचलायचा आणि बाकी सगळे उलट विणायचे. उचललेल्या टाक्यांच्या मागून धागा जात असल्याने ही पट्टी दुपदरी झाल्यासारखी जाड होते, आणि बूट सर्वांत आधी घासतो तो नेमका इथेच. शिवाय प्रत्येक ओळीचा पहिला टाका उचललेला असल्याने दोन्ही कडांना साखळीसारखे आठ-आठ मोठे टाके तयार होतात. ते मोजून पाहा. पुढे त्यांची गरज आहे.

दुसरा भाग म्हणजे टाच वळवणे, आणि मोज्यातली खरी गंमत इथे आहे. सपाट कापडाला ब्लाउजमध्ये टक्स घातल्यावर जसा खोलगटपणा येतो, तसा खोलगटपणा इथे ओळी मधूनच परतवून आणि कडेचे टाके एकेक करून गिळून आणायचा असतो. मधल्या टाक्यांवर ओळी जास्त होतात, कडेच्या टाक्यांवर कमी, त्यामुळे पट्टीची वाटी होते. पहिल्या ओळीत सुरुवातीचे १० टाके सुलट विणा. नंतर एक टाका न विणता उचला, त्यापुढचा विणा आणि उचललेला टाका विणलेल्यावरून ओढून टाका. म्हणजे दोनाचा एक झाला. आणखी एक टाका सुलट विणा आणि पलीकडे ३ टाके शिल्लक असतानाच काम उलटवा. हे शिल्लक टाके पाहून प्रत्येक शिकाऊ बाईचा हात थांबतो आणि ‘अहो, हे राहिले की’ असे ती म्हणते. ते राहायलाच हवेत. दुसऱ्या ओळीत पहिला टाका उचला, ५ उलट विणा, दोन टाके एकत्र उलट विणा, एक उलट विणा आणि पुन्हा उलटवा. इथेही पलीकडे ३ टाके उरतात.

आता कामाकडे नीट पाहिले तर जिथून तुम्ही परतलात तिथे टाक्यांमध्ये एक छोटी फट दिसेल. पुढच्या प्रत्येक ओळीत या फटीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक असे दोन टाके एकत्र घ्यायचे. म्हणून तिसऱ्या ओळीत एक उचलून ६ सुलट, मग दोनाचा एक, मग एक सुलट. चौथ्या ओळीत एक उचलून ७ उलट, दोनाचा एक, एक उलट. पाचव्या ओळीत एक उचलून ८ सुलट आणि दोनाचा एक. सहाव्या ओळीत एक उचलून ८ उलट आणि दोनाचा एक. या शेवटच्या दोन ओळींत पलीकडे एकच टाका उरलेला असल्याने दोनाचा एक केल्यावर विणायला काही राहत नाही. सुईवर १० टाके असले की टाच वळली. एकदा फट ओळखता आली की हे आकडे पाठ करण्याचे कारण उरत नाही, आणि मोठ्या मोज्याच्या टाचेतही फक्त आकडा बदलतो, रीत तीच राहते.

तिसरा भाग कळीचा. पायजम्याला किंवा कुडत्याच्या बगलेत आपण जशी कळी घालतो, तशीच ही टाच आणि पाऊल यांना जोडणारी तिकोनी कळी असते. १० टाके सुलट विणा, मग पट्टीच्या कडेच्या साखळीत सुई घालून धागा ओढत ८ नवे टाके उचला आणि कोपऱ्यात, जिथे हमखास भोक पडते, तिथून आणखी एक उचला. इतका वेळ थांबलेले वरचे १६ टाके विणा. दुसऱ्या कडेने आधी कोपऱ्यातला एक आणि मग साखळीतले ८ उचला, आणि टाचेच्या १० पैकी ५ विणून फेरीच्या सुरुवातीच्या जागी या. आता सुयांवर १४, १६ आणि १४ असे एकूण ४४ टाके झाले. यानंतर एकाआड एक फेरीत पहिल्या सुईच्या अखेरीस तीन टाके उरले असता दोन एकत्र विणून एक सुलट विणायचा, आणि तिसऱ्या सुईच्या सुरुवातीला एक सुलट विणून पुढे टाका ओढून दोनाचा एक करायचा. अशा सहा वेळा टाके कमी केले की पुन्हा ८, १६, ८ होतात. दोन्ही बाजूंना तिरक्या रेघा उमटलेल्या दिसतात आणि हातातली वस्तू प्रथमच मोज्यासारखी दिसू लागते.

पुढचे पाऊल सरळ आहे. टाचेच्या टोकापासून १२ सेंटिमीटर झाले की बोटांकडचा भाग निमुळता करायला घ्यावा: पहिल्या सुईच्या शेवटी, दुसरीच्या दोन्ही टोकांना आणि तिसरीच्या सुरुवातीला, असे एका फेरीत चार टाके कमी करायचे, प्रथम एकाआड एक फेरीत १६ टाके उरेपर्यंत, आणि नंतर सलग दोन फेऱ्यांत, म्हणजे ८ उरतील. छोट्या मोज्यात धागा या आठांतून ओवून ओढून घेतला तरी चालतो. मोठ्या मोज्यात मात्र १६ टाके उरलेले असताना आठ-आठ समोरासमोर ठेवून सुईधाग्याने विणीसारखाच सांधा करावा लागतो. त्याला किचनर टाका म्हणतात. १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड किचनर ते हेच. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी मोजे विणण्याच्या मोहिमेतून त्यांचे नाव या सांध्याला चिकटले.

असा एक मोजा झाला की मुलाच्या मोज्याकडे वळा. त्याला कागदावर सरळ उभे राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवायला सांगा आणि चवड्याभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी कळवायला सांगा. बुटाच्या नंबरावर विसंबू नका, कारण त्यातून घेर कळत नाही. बारीक लोकर आणि १३ नंबरच्या सुया घेतल्यास १० सेंटिमीटरमध्ये साधारण ३२ टाके बसतात. पण माझे ३२ म्हणजे तुमचेही ३२ असे नाही, म्हणून तुमच्या हाताची वीण शिकाऊ मोज्याएवढ्या घेरात गोल विणून मोजा. सपाट तुकड्यावर घेतलेले माप गोल विणीत बहुतेकांचे बदलते. समजा त्याचा घेर २५ सेंटिमीटर निघाला, तर एक दशांश वजा करून साडेबावीस राहतात आणि ७२ टाके येतात. टाचेला त्यातले निम्मे, म्हणजे ३६ टाके आणि ३६ ओळी. टाच वळवताना पट्टीच्या निम्म्यापेक्षा दोन टाके पुढे, म्हणजे २० टाके विणून पहिला दोनाचा एक करायचा. शिकाऊ मोज्यातही आपण आठाऐवजी दहा टाके विणले होते, ते याच नियमाने. पावलाची पाठ उंच असेल तर पट्टीच्या चार ओळी वाढवाव्यात. तेवढ्याने पाठीवर पडणारा ताण जातो आणि कडेला उचलायचे टाके दोन-दोन वाढतात.

त्याच्यासाठी ॲक्रिलिक घेऊ नका. ते घाम शोषत नाही, आणि ओला पाय बर्फाच्या दिवसात गार पडतो. खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा शोषूनही ओली वाटत नाही. परंतु निव्वळ लोकर टाचेशी लवकर विरते, म्हणून मोज्यांसाठी ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असे मिश्रण मिळते ते घ्यावे. १०० ग्रॅमच्या गुंड्यात सुमारे ४०० मीटर धागा असतो आणि त्यात एक जोड होतो. सुती धागा मला मोज्यांसाठी पसंत नाही. त्याला ताण नसतो आणि संध्याकाळपर्यंत मोजा पायात लोळू लागतो.

दुसरा मोजा पहिल्याच्या पाठोपाठ, त्याच दिवशी टाके घालून सुरू करावा, आणि त्याची लांबी टेपने न मोजता फेऱ्या मोजून ठरवावी. टेप मांडीवर एकदा सैल आणि एकदा ताणून धरली जाते, आणि जोडीतला एक मोजा बोटभर लांब होतो. मी पहिल्या मोज्याच्या वेळी दर दहा फेऱ्यांनंतर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची एक खूण अडकवते आणि दुसरा पूर्ण होईपर्यंत त्या खुणा काढत नाही.

मोजे पाठवताना त्याला धुण्याविषयी सांगायला विसरू नका. लोकर गरम पाण्यात चोळली की आटते आणि घट्ट होते, आणि ती पुन्हा पूर्ववत होत नाही. कोमट पाण्यात बुडवून, पिळण्याऐवजी टॉवेलमध्ये दाबून, आडवे वाळवायचे. गुळगुळीत फरशीवर नुसत्या मोज्यांनी चालताना पाय घसरतो, हेही सांगून ठेवा. गुंड्यात जो धागा उरेल त्यातला दहा-बारा मीटर एका पुठ्ठ्यावर गुंडाळून एका जाड सुईसह मोज्याच्या आत ठेवून द्या. टाचेची वीण विरळ दिसू लागली की भोक पडण्यापूर्वीच त्याच धाग्याने रफू करता येतो, आणि त्या रंगाची लोकर वर्षभराने दुकानात मिळेलच असे नाही.